बॅटरीचा हिशोब

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. केळापूरच्या आमच्या घरात फुफी माझ्यासमोर तखतावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. हळदीच्या रात्री आमच्या घरातल्या बाया जी गाणी म्हणत, अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी, ती आता फुफींशिवाय कुणालाच येत नाहीत. त्या आठवून आठवून सांगत होत्या आणि मी लॅपटॉपवर उतरवून घेत होतो. लाइट गेली होती, पण काळजी नव्हती. लॅपटॉपची जुनी बॅटरी मेली म्हणून दीडच महिन्यापूर्वी नवी बसवली होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता ३१ टक्के.

आणि पडदा काळा झाला. सूचना नाही, इशारा नाही. फुंकर मारून चिमणी विझवावी तसा लॅपटॉप विझला.

संध्याकाळी लाइट आल्यावर बरंचसं लिखाण सापडलं. शेवटच्या दहा मिनिटांतलं मात्र गेलं. त्यात एका गाण्याच्या चार ओळी होत्या. फुफींना पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाल्या, ‘‘बेटा, मघा आलं होतं. आता येत नाही.’’

दुसऱ्या दिवशी मी तणतणत पांढरकवड्याच्या त्या दुकानात गेलो. दुकान चालवणारा पोरगा पंचविशीतला. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोरच मी आवाज चढवला, ‘‘तू मला नकली बॅटरी दिलीस. ३१ टक्के दाखवते आणि बंद पडते!’’ लहान गावात असं वाक्य दुकानातच राहत नाही. ते संध्याकाळपर्यंत बाजारभर फिरतं. पोराचा चेहरा पडला, पण तो भांडला नाही. म्हणाला, ‘‘चाचा, नकली असन तर पैसे वापस देतो. पण आंधी पाहू तर द्या. बॅटरी खराब नसन, तिचा हिशोब खराब असन.’’

मी बी.ए. झालेला कवी माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण ‘हिशोब खराब’ हे शब्द माझ्या डोक्यात बसले. त्या दिवशी दुकानात जे पाहिलं, त्यानंतर जे वाचलं आणि घरी जे स्वतः करून पाहिलं, ते आज तुमच्यासमोर मांडतो. कारण हा प्रश्न एकट्या माझा नाही. लॅपटॉपची बॅटरी आज ना उद्या प्रत्येकाला बदलावी लागते आणि नवी बॅटरी बसवली की टक्क्यांचा हा गोंधळ अनेकांच्या वाट्याला येतो.

पहिली गोष्ट अशी की, टक्का हे माप नाही, तो अंदाज आहे. बॅटरीत किती वीज उरली हे थेट मोजता येईल असा काटा कुणाजवळच नाही. स्कूटरच्या टाकीत वाकून पेट्रोल बघता येतं, तसं बॅटरीत डोकावता येत नाही. म्हणून बॅटरीच्या आतच एक छोटी चिप बसवलेली असते. लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा मुळात त्या चिपनं कळवलेला असतो. लॅपटॉप बिचारा निरोप्या. बॅटरी बदलली की मुनीमही बदलतो आणि नवा मुनीम कोऱ्या वहीवर काम सुरू करतो.

हा मुनीम हिशोब कसा ठेवतो, ते रांजणावरून सांगतो. समजा, अंधाऱ्या खोलीत पाण्याचा रांजण आहे. त्यात किती पाणी उरलं हे ओळखायच्या दोन रीती. एक, आत काठी बुडवून ओल कुठवर आली ते बघायचं. दुसरी, किती लोटे आत टाकले आणि किती बाहेर काढले, याची मोजदाद ठेवायची.

बॅटरीतली काठी म्हणजे व्होल्टेज. लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो आणि रिकामा होत आला की ३ व्होल्टच्या आसपास येतो. माझ्या बॅटरीत असे चार सेल एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत. म्हणजे भरल्यावर १६.८ व्होल्ट आणि संपताना १२ च्या आसपास. मग व्होल्ट बघून टक्के सांगायला काय हरकत आहे? हरकत अशी की, रांजणाचं पोट मोठं असतं. पोटातलं पाणी उपसताना पातळी हळूहळू उतरते आणि बुडाशी आलं की भराभर खाली जाते. बॅटरीचंही तसंच. मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज फारसं हलत नाही, शेवटी मात्र कोसळतं. त्यात लॅपटॉप काम करत असताना व्होल्टेज जरा दबलेलं असतं आणि काम थांबलं की पुन्हा वर येतं. पाणी हिंदकळत असताना काठी बुडवली, तर ओल खरी कुठवर ते कसं कळणार?

म्हणून मुनीम मुख्यतः दुसऱ्या रीतीवर भिस्त ठेवतो. बॅटरीतून ये-जा करणारी सगळी वीज एका अगदी लहान रोधातून जाते. त्यावरून कितीचा प्रवाह किती वेळ वाहिला, ते चिप सतत मोजत राहते. एक लोटा आत, दोन लोटे बाहेर. ही मोजणी चांगलीच बारीक असते. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे रांजण झिरपतो. बॅटरी दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने पडून राहिली की ती आपोआप थोडी थोडी उतरते, आणि ही गळती लोट्यांच्या मोजणीत धड येत नाही. दुसरी म्हणजे रांजण मुळात केवढा, हेच ठाऊक नसेल तर उरलेल्या लोट्यांचे टक्के काढणार कसे?

शाळेतलं गणित आठवा. टक्का म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. अंश म्हणजे आता उरलेली वीज आणि छेद म्हणजे पूर्ण भरल्यावर मावणारी वीज. बॅटरीच्या टक्क्यात अंशही अंदाजाचा आणि छेदही अंदाजाचा. दोन्ही चुकले, तर उत्तर बरोबर येईल कसं?

मग चिप आपली चूक दुरुस्त कधी करते? रांजण काठोकाठ भरला की तिला कळतं, हे शंभर. तळ लागला की कळतं, हे शून्य. या दोन टोकांना हात लागला, म्हणजे ती मधले लोटे मोजून आपला छेद नव्यानं ठरवते. आणि इथंच माझी चोरी पकडली गेली.

पोरानं विचारलं, ‘‘चाचा, चार्जिंग कसं करता तुमी?’’ मी अभिमानानं सांगितलं, ‘‘वीसच्या खाली जाऊ देत नाही आणि ऐंशीच्या वर चढू देत नाही. मोबाइलवर तसा सल्ला आला होता.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘मंग तिले भरल्याचं बी माहीत नाई अन् संपल्याचं बी माहीत नाई. ते सांगन काय?’’

तो सल्ला तसा चुकीचा नव्हता. लिथियमची बॅटरी सतत काठोकाठ भरून ठेवली नाही किंवा तळापर्यंत उतरवली नाही, तर ती जास्त दिवस टिकते. पण नव्या बॅटरीला आधी स्वतःचं माप तर कळलं पाहिजे! मी पहिल्या दिवसापासून तिला मधल्या पोटातच फिरवत ठेवली होती. फळीवर पडून झालेली गळती, कारखान्यात भरलेला ठोकळ आकडा आणि माझी शिस्त, तिन्ही मिळून चूक वाढत गेली. पडद्यावर ३१ होते तेव्हा रांजणात खडखडाट होता.

मग त्यानं बॅटरीची वही उघडून दाखवली. हे तुम्हालाही घरी करता येईल. विंडोज ८ आणि त्यापुढच्या सगळ्या विंडोजमध्ये ही सोय आहे. शोधाच्या चौकटीत सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली की ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडते. तिच्यात ‘पॉवरसीएफजी’, म्हणजे पॉवर हा इंग्रजी शब्द आणि त्याला चिकटून सी-एफ-जी, मग थोडी जागा, मग उजवीकडं झुकलेली तिरपी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा सलग शब्द, एवढं टाइप करून एंटर दाबायचं. अहवाल कुठं ठेवला, ते लॅपटॉप स्वतःच सांगतो.

त्या अहवालात दोन आकडे पाहायचे. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यानं सांगितलेली क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज पूर्ण भरली तर मावेल अशी क्षमता. हे आकडे मिलिवॉट-तासांत असतात. माझ्या बॅटरीच्या चिठ्ठीवर १४.८ व्होल्ट आणि २६०० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं होतं. दोन्हींचा गुणाकार ३८,४८०. अहवालात पहिला आकडा ३८,४८० आणि दुसराही नेमका ३८,४८०. मला वाटलं, वा, शंभर नंबरी! पोरानं मान हलवली. दीड महिना वापरलेल्या बॅटरीचे दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील, तर बहुधा तिनं आपलं माप अजून घेतलेलंच नाही. कारखान्यानं लिहून दिलेला आकडाच ती पाठ म्हणून दाखवते आहे.

उपाय साधा होता. त्याला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. आपण ‘माप लावणं’ म्हणू. बॅटरी एकदा पूर्ण भरायची, शंभर टक्के दिसल्यावरही तासभर चार्जर तसाच ठेवायचा. मग चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून दोनेक तास विसावा द्यायचा, म्हणजे पाणी निवतं. नंतर लॅपटॉप सुरू करायचा आणि बॅटरीवरच एका दमात चालवून संपवायचा. मध्ये चार्जर लावायचा नाही. पडदा आपोआप झोपी जाणार नाही, अशी सेटिंग तेवढ्यापुरती करून ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या वेळी त्यावर कुठलंही मोलाचं काम करायचं नाही. तो कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो, आणि तोच तर आपण तपासतो आहोत. बंद पडला की पुन्हा दोन-तीन तास विसावा द्यायचा आणि मग न थांबता शंभर टक्क्यांपर्यंत भरायचा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये हेच काम करणारी तयार सोय दिलेली असते. ती असेल, तर तीच वापरावी.

आमच्याकडं दिवसा लाइटचा नेम नसतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो. म्हणून मी भरण्याचं काम रात्री केलं. उष्णता ही लिथियम बॅटरीची मोठी वैरीण आहे. बॅटरी फार तापली, तर पुष्कळ लॅपटॉप चार्जिंग स्वतःहून थांबवतात आणि आपण चार्जर बिघडला म्हणून बोंब मारतो. टिनाच्या छपराखाली, उन्हातल्या गाडीत किंवा गादीवर लॅपटॉप ठेवून तो चार्ज करू नये.

पहिल्या फेरीत टक्का पुन्हा घसरला. यावेळी १४ वर असताना लॅपटॉप विझला. दुसऱ्या फेरीत मात्र आकडा एकेक पायरी उतरत गेला. ३१ आले तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. पुढं तो तासाहून जास्त चालला, पाचच्या आसपास त्यानं रीतसर इशारा दिला आणि काम जपून ठेवून झोपी गेला. अहवाल पुन्हा काढला. दुसरा आकडा आता ३६,२०० होता. म्हणजे कारखान्याच्या आकड्याच्या ९४ टक्के. शंभर नंबरी नाही, पण खरा.

मी भिंतीवरच्या घड्याळावर वेळही लावली होती. पूर्ण भरल्यापासून इशाऱ्यापर्यंत ३ तास ४० मिनिटं. माझी ही सवय तुम्हीही लावून घ्या. नेहमीचंच काम, पडद्याचा उजेड नेहमीइतकाच आणि हातात घड्याळ. टक्का खोटं बोलू शकतो, घड्याळ बोलत नाही. टक्के वेडेवाकडे दिसत असूनही वेळ भरपूर मिळत असेल, तर हिशोब चुकतो आहे. टक्के शिस्तीत उतरत असूनही वेळच कमी मिळत असेल, तर बॅटरीतच दम नाही.

आता निदानाच्या गोष्टी. माप लावून झाल्यावर टक्का सरळ उतरत असेल आणि दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ असेल, तर बॅटरी चांगली, ती निश्चिंत वापरा. टक्का सरळ उतरतो, पण दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर-ऐंशी टक्केच भरतो, तर चिठ्ठीवर लिहिलंय तेवढी बॅटरी तुम्हाला मिळालेली नाही. ती जुन्या किंवा हलक्या सेलची असू शकते. अहवालाचा कागद घेऊन वॉरंटीत बदलून मागा. दोन-तीन फेऱ्या करूनही टक्का चाळीसवरून एकदम पाचवर उडी मारत असेल, तर बहुधा चारपैकी एखादा सेल कमजोर आहे. सेल साखळीनं जोडलेले असतात. एकाचा दम संपला की बाकीच्यांत वीज असूनही सगळी साखळी थांबते. अशी बॅटरी माप लावून सुधारत नाही. तीही परत करा. आणि टक्का ८० वर किंवा ६० वर अडून राहत असेल, तर घाबरू नका. बॅटरीचं आयुष्य वाढवण्यासाठी तिथंच थांबण्याची सोय लॅपटॉपमध्ये सुरू केलेली असू शकते. सेटिंगमध्ये पाहा.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांच्या आधी. बॅटरी फुगलेली दिसली, लॅपटॉपचं बूड किंवा कीबोर्ड वर उचललेला वाटला, गोडसर-उग्र वास आला किंवा हात लावता येणार नाही इतकी ती तापली, तर माप वगैरे लावत बसू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. ती टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची रीतसर वासलात लावणं ही बॅटरी बनवणाऱ्यांची आणि बाहेरून आणणाऱ्यांची जबाबदारी आहे. जुनी बॅटरी निदान दुकानदाराकडं तरी परत द्या.

जुन्या पिढीतला एक समजही सोडून दिला पाहिजे. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण उतरवाव्या लागत. लिथियमला ती गरज नाही, उलट वारंवार तळ गाठला की ती झिजते. सोनी कंपनीनं १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि ज्यांच्या संशोधनातून ती उभी राहिली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तरी आपण अजून वागतो जुन्याच बॅटरीशी वागल्यासारखं. माप लावणं हे नव्या बॅटरीला एकदा आणि पुढं टक्का भरकटला तरच. एरवी वीस ते ऐंशीचा नेम पाळायला हरकत नाही.

हाच हिशोब तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे आणि रस्त्यावरच्या विजेच्या स्कूटरमध्येही. काही गाड्यांत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. त्यांचं मधलं व्होल्टेज तर आणखीच सपाट. म्हणूनच अशा गाड्या अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात, नाहीतर काटा फसवतो.

मी त्या पोराच्या दुकानात पुन्हा गेलो. मुद्दाम बाजाराच्या दिवशी गेलो, गर्दी असताना. जेवढ्या मोठ्या आवाजात आरोप केला होता, तेवढ्याच आवाजात म्हणालो, ‘‘बेटा, बॅटरी चांगली आहे. चूक माझी होती.’’ तो लाजला. म्हणाला, ‘‘जाऊ द्या ना चाचा. चाय घ्या.’’ बॅटरीला एक माप लावून मी मोकळा झालो होतो. माणसाला मात्र मी तपासण्याआधीच माप लावलं होतं, याची खंत त्या चहात विरघळली नाही.

फुफी अजून अधूनमधून बसतात. आता मी लॅपटॉपसोबत एक कागदाची वहीही ठेवतो आणि दर गाण्यानंतर जपून ठेवायचं बटण दाबतो. गेलेल्या चार ओळींपैकी दोन त्यांना मोहरमच्या सुमारास आठवल्या. दोन अजून यायच्या आहेत. ती जागा मी कोरी सोडली आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)